बोलणं ऐकायची अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट: या चुका टाळा

कॉम्प्युटरवरच्या या टेस्टमध्ये पुढचा प्रश्न तुमच्या उत्तरावर ठरतो. बरोबर आलं की मागचा गोंगाट वाढतो, चुकलं की कमी होतो, असं वरखाली होत होत मशीन तुम्हाला साधारण निम्मं बोलणं कळतं तिथे पोचतं, म्हणजे निम्म्या चुका होणारच, त्यात तुमचं काही बिघडलेलं नसतं.

म्हणूनच सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरच्यांनी खुणेने उत्तर सांगणं. प्रेमापोटी करतात हो, पण एक उत्तर उसनं आलं की मशीन पुढचं अवघड देतं, निकालाचा आकडा चुकतो आणि त्याच आकड्यावर कानाच्या मशीनचं किंवा कानात बसवलेल्या इम्प्लांटचं सेटिंग ठरू शकतं. सूचना मात्र लिहून नाहीतर खुणांच्या भाषेत नीट समजावा, टेस्ट सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही. ज्यात ऐकलेले आकडे दाबायचे असतात त्या टेस्टमध्ये कळलं नाही तरी अंदाजाने दाबायचं, गप्प बसायचं नाही.

मराठीतले चार, पाच, सात, आठ बघा, सगळ्यांत आ आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांत वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम करून ज्यांना बारीक म्हणजे उंच पट्टीचा आवाज ऐकू येईनासा झालाय त्यांना तो आ ऐकू येतो पण च, स, ठ निसटतात, त्यामुळे रेकॉर्डिंग करताना प्रत्येक आकडा सारखाच अवघड होईल असा आवाज लावावा लागतो, नुसतं इंग्रजी टेस्टचं भाषांतर चालत नाही. सटाणा-कळवणकडून आलेल्यांच्या घरात अहिराणी असते, तेही आधी विचारा.

पहिली फेरी सरावाची धरा, विशेषतः पाच-पाच शब्दांच्या मॅट्रिक्स वाक्यांमध्ये (ठरावीक शब्दच उलटसुलट जोडून केलेली वाक्यं), कारण शब्द ओळखीचे झाले की निकालाचा आकडा आपोआप सुधारतो.

गोंगाट पूर्ण गेला तरी निम्मं कळत नसेल तर मशीन सोप्या टोकाला अडकतं. तिथला आकडा लिहूच नका, गोंगाट बंद करून मोजक्या पर्यायांतून शब्द निवडायला द्या, आणि ओठ बघून किती कळतं ते वेगळं मोजा.

इम्प्लांटच्या ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची टेस्ट एकाच नियमाची हवी. दोनदा बरोबर आल्यावरच अवघड करायचं असेल तर ती ७०.७ टक्क्यांवर थांबते, लेविट या संशोधकाने १९७१ मध्येच मांडलंय हे, मग ५० टक्केवाल्याशी तुलना कशी करणार?

रिपोर्टमध्ये मायनस डेसिबल दिसला म्हणून घाबरू नका, मायनस म्हणजे गोंगाट बोलण्यापेक्षा मोठा असतानाही कळलं.