जुनी पिकअप दुरुस्त करून ॲव्हरेज कसं वाढवावं: चाकं आधी, रंग शेवटी

तासगाव भागात द्राक्षबाग असलेल्या घरासमोर एखादी जुनी पिकअप उभी असतेच. औषधाचे बॅरल, शेणखत, क्रेट, बेदाण्याचे बॉक्स, सगळं तीच ओढते. आमची आबांनी घेतलेली गाडी 'डिझेल पिते' म्हणून भंगारात निघाली होती. ती वाचली, आणि लिटरला साडेनऊ देणारी गाडी आता बाराच्या आसपास देते. पहिल्या खेपेला माझा क्रम चुकला. आधी रंग मारला, मग चेसीला वेल्डिंग करावं लागलं आणि नवा रंग जळाला. म्हणून आज करायला घेतलं तर ज्या क्रमाने करीन, त्याच क्रमाने इथे लिहितोय.

मुहूर्त एप्रिलचा धरा. माल उतरलेला असतो, खरड छाटणी उरकली की गाडीला थोडी उसंत मिळते. मेच्या उन्हात रंग नीट वाळतो आणि पावसाआधी काम हातावेगळं होतं.

पैसे घालण्याआधी कागद बघा

नोंदणी, फिटनेस, विमा, पीयूसी तपासा. खासगी नोंदणीची मुदत १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. चेसी नंबर गंजून वाचता येत नसेल तर आधी आरटीओत विचारा, त्यावर पॉलिश पेपर घासू नका. सांगलीकडची जुनी गाडी विकत घेत असाल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुराचा गाळ शोधा. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, सीटखालचा पत्रा आणि हेडलाइटच्या आतली कड बघा, गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून बघा. तेल दुधट दिसलं तर त्यात पाणी गेलेलं आहे.

मग मोजा

'डिझेल लई खाते' हे मोजमाप नव्हे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, रीडिंग लिहा, नेहमीच्या कामावर तीन-चारशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा. ३८० किलोमीटरला ४० लिटर बसलं तर साडेनऊ. टायरचा साइज बदलला असेल तर मीटर चुकतो, म्हणून सांगली-तासगाव अंतर एकदा मोबाइलच्या नकाशावर ताडून घ्या.

दुसरी चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात इंजिनाचा संबंधच येत नाही. पहाटे सपाट, रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाला गाडी न्यूट्रल करा आणि ती किती लांब जाऊन थांबते ते मोजा. इंजिन चालूच ठेवा, नाहीतर ब्रेकचा व्हॅक्यूम जातो. जाताना एकदा, येताना एकदा, दोन्हीची सरासरी. हा आकडा वहीत लिहून ठेवा.

चाकं मोकळी करा

या धावेच्या चाचणीत आमची गाडी लवकर थांबायची. मिस्त्री इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर बोट ठेवत होते, पण दोष मागच्या डाव्या चाकात होता. तुम्हीही असं करा: ब्रेक शक्य तितका कमी वापरून दहा किलोमीटर चालवा, थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या. लगेच हात टेकवू नका, भाजेल. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापला असेल तर ते चाक धरतंय, आणि तुमचं डिझेल तिथे उष्णता होऊन जातंय.

जॅक लावा, खाली घोडी (लोखंडी टेकू) ठेवा (नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही जाऊ नका), चाक हाताने फिरवा. अडखळलं तर ड्रम उघडा. व्हील सिलिंडर जाम, परतीची स्प्रिंग ढिली, हँडब्रेकची केबल गंजलेली, नाहीतर ब्रेकचे लाइनर जास्त जवळ सेट केलेले, यातलं काहीतरी सापडेलच. एक कारण हमखास सुटतं, ते ब्रेकच्या रबरी पाइपचं. जुना पाइप आतून फुगतो. पाय दाबला की तेल पुढे जातं, पण सोडल्यावर मागे यायला वाट राहत नाही. बाहेरून पाइप चांगला दिसला तरी जुन्या गाडीत नवाच टाका.

हब उघडलाच आहे तर बेअरिंग डिझेलने धुऊन कोरडं करा, आणि जुन्या ग्रीसवर नवं न थापता सगळं नवं भरा. नट आवळताना चाक फिरवत राहा, मग थोडा सैल करून पिन घाला. फार आवळला तर बेअरिंग तापून जातं.

हवा लाथ मारून बघू नका. गेज घ्या आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा, मोकळ्या गाडीला वेगळा आणि भरलेल्या गाडीला वेगळा. चारही चाकांत हवेचा दाब १ पीएसआय (गेजवरचं माप) कमी झाला तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्याने घटतं. म्हणजे १५ पीएसआय कमी असलं तर ३ टक्के डिझेल गेलं, टायर झिजतो तो वेगळा. सोबत अलाइनमेंट करून घ्या.

आता इंजिन

धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर तापल्यावरही राहिला तर टायमिंग, नोझल किंवा हेड गॅस्केट. तेलाचं झाकण उघडून बघा. वाफेसारखे झोत जोराने येत असतील तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत, मग वरवरच्या दुरुस्तीवर खर्च करू नका.

रिंग चांगल्या असतील तर सुरुवात एअर फिल्टरपासून. बागेत गंधक धुरळलं की ते फिल्टरमध्ये बसतं. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा पाइप चिरलेला असेल तर धूळ सरळ आत जाते. डिझेल फिल्टर बदला, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट फिलर गेजच्या पातळ पट्टीने सेट करा. नोझल पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर लावून घ्या. फवारा धुक्यासारखा यायला हवा, टोकाला थेंब लटकता कामा नये. गाडी जोरात उचलावी म्हणून कुणीतरी इंजिनाच्या डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलेलं असतं. तेही तिथेच मूळ मापावर आणून घ्या.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं, मात्र आवर्जून विचारा. गाडी गरम होते म्हणून अनेक गॅरेजमध्ये तो काढूनच टाकतात. मग इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही. रेडिएटर साफ करा आणि थर्मोस्टॅट परत बसवा. आमच्या गाडीत तो नव्हताच, कधी काढला ते आबांनाही आठवत नव्हतं.

पत्रा, हौदा आणि मोरचूद

बागेत फवारायचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करताना आपण विळा बुडवून बघतो. पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडला. तांबं चढताना तितकं लोखंड विरघळून जातं. हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, मोरचुदाचं पाणी सांडलं की पत्र्याचं तेच होतं, रासायनिक खतही तसंच खातं. फवारणीनंतर हौदा साध्या पाण्याने धुवा आणि कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं मोकळी ठेवा.

गंज तारेच्या ब्रशने पार चकचकीत लोखंडापर्यंत काढा, मग रेड ऑक्साइडचा प्रायमर मारा. गंजावरच काळं कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वेल्ड करू नका, त्यांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि ते तुटतात. पाट्यांच्या हँगरजवळ चेसीला चीर आहे का ते आता बघा, रंगानंतर नव्हे. रंगच बदलायचा असेल किंवा हौदा उंच करायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या.

चालवताना

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. मोकळी गाडी फाळका (हौद्याचं मागचं दार) काढून पळवली की हलकी धावते असं बरेच जण सांगतात. खरं तर बंद फाळक्यामागे हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरचा वारा त्यावरून सरकून जातो. फाळका लावूनच ठेवा, ताडपत्री फडफडू देऊ नका.

वाशी मार्केटला माल नेताना खंबाटकी किंवा खंडाळा घाटाच्या उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पंपाचा गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, वर ब्रेक तापतात ते निराळं.

काम झालं की टाकीची आणि धावेची चाचणी त्याच रस्त्यावर पुन्हा करा. ५०० किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, टॅपेट एकदा ऐका, आणि ड्रमजवळ परत हात नेऊन बघा.