स्टुटगार्टला उद्योजकांचं शिष्टमंडळ न्यायचं असेल तर

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. नाशकात बॉशचा कारखाना आहे, चाकणला मर्सिडीजच्या गाड्या तयार होतात, आणि या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं स्टुटगार्ट परिसरात आहेत. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरच्या एखाद्या औद्योगिक संघटनेला पहिलं परदेशी शिष्टमंडळ काढायचं असेल, तर जर्मनीचं हे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य चांगली सुरुवात ठरतं. तरीही असे बरेच दौरे सामूहिक फोटो आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा यापलीकडे जात नाहीत. तिकिटं आधी निघतात आणि कोणाला कशासाठी भेटायचं हे विमानात बसल्यावर ठरतं, हे त्यामागचं कारण. म्हणून काम निघण्याआधी किमान चार महिने सुरू करा.

माणसं आणि तारखा

बारा ते पंधरा जणांपेक्षा जास्त नको. एवढे लोक एका बसमध्ये मावतात, एका टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येकाला बोलायला वेळ मिळतो. तीस जणांच्या गटाला यजमान सभागृहात बसवतो, स्लाइड दाखवतो आणि निरोप देतो. येणारा माणूस मालक असावा, नाहीतर दर आणि मुदत यांवर जागेवर शब्द देऊ शकणारा. एकच भाग बनवणारे दोन स्पर्धक एकत्र नेऊ नका. एकमेकांसमोर दोघंही दर सांगत नाहीत. कास्टिंगवाला, मशीनिंगवाला आणि हीट ट्रीटमेंटवाला असे एकमेकांना पूरक असतील, तर समोरच्याला पूर्ण काम एकाच ठिकाणी दिसतं.

जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या राज्यात शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि निर्णय घेणारी माणसं जागेवर नसतात. ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी, १ नोव्हेंबर राज्याची. मे-जूनमध्ये एका गुरुवारी कॉर्पस क्रिस्टीची सुट्टी येते आणि शुक्रवार जोडून घेतला जातो. एरवीही शुक्रवारी दुपारनंतर भेट मागू नका. रविवारी पोहोचून सोमवार ते गुरुवार भेटी ठेवणं सगळ्यात बरं.

भेटी कशा मिळवायच्या

मुंबईत मुख्यालय असलेलं इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ पासून हेच काम करतं. तिकडे स्टुटगार्ट विभागाचं उद्योग-व्यापार चेंबर आणि राज्य सरकारची बाडेन-व्युर्टेम्बर्ग इंटरनॅशनल ही संस्था आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे म्यूनिकमधल्या भारतीय महावाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतं. तिथे सुरुवातीलाच पत्र द्या, कारण दूतावासाचा अधिकारी सोबत असला की स्थानिक महापौरांच्या कार्यालयाचं दार सहज उघडतं.

पण "आम्ही येतोय, चांगल्या कंपन्या सुचवा" असं पत्र लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. प्रत्येक सदस्याची एका पानाची माहिती जोडा: काय बनवतो, किती वजनापर्यंत, कोणत्या टॉलरन्समध्ये, महिन्याची क्षमता किती, त्यातली रिकामी किती, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगातलं गुणवत्ता प्रमाणपत्र) आहे का, आणि कोणता ग्राहक हवा. धातूचा दर्जा त्यांच्या मानकात लिहा. ओतीव लोखंडाच्या ज्या दर्जाला आपण एसजी ४००/१५ म्हणतो, त्याला तिकडे ईएन-जीजेएस-४००-१५ म्हणतात. उलाढाल लाख-कोटींत न देता युरोत, दशलक्षांत द्या. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. जर्मन लोक दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, त्यामुळे १.२५० हा आकडा ते साडेबाराशे असा वाचतात. कोटेशनमध्ये हा घोटाळा नेहमी होतो. शक्यतो पूर्ण आकडा लिहा आणि शेजारी एकक द्या.

दर फक्त "कारखान्यातून" असा देऊ नका. खरेदीदाराला त्याच्या दारात माल कितीला पडेल हे हवं असतं, म्हणून डीएपी दरही, म्हणजे त्याच्या ठिकाणापर्यंत माल पोहोचवण्याचा दर, तयार ठेवा. बोल्ट, पाइप फिटिंग असे पोलादी भाग विकत असाल तर युरोपच्या कार्बन सीमा कराचा, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी लागणाऱ्या आकारणीचा, प्रश्न येणारच. १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला आहे. प्रति टन उत्सर्जनाचा आकडा आणि तो कसा काढला याचा कागद जवळ असू द्या. ज्याच्याकडे तो असतो, त्याच्याशी बोलणं पुढे सरकतं.

ऑनलाइन ओळखभेट आधी घ्या. उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. निमंत्रणात दोन्ही वेळा लिहा.

कागदपत्रं, नमुने, पैसे

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निकालाला पंधरा दिवस लागतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ जातो. दोन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला असावा, परतीनंतर तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज त्याच देशाकडे करायचा जिथे मुक्काम सर्वाधिक. शेवटी चार दिवस पॅरिस जोडलं आणि जर्मनीत तीनच दिवस उरले, तर जर्मनीकडे केलेला अर्ज अडतो. निमंत्रणपत्रातली नावं पासपोर्टप्रमाणे अक्षरशः सारखी हवीत.

परत आणायचे नमुने, गेज, डिस्प्ले यांसाठी एटीए कार्नेट घ्या, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता नेऊन परत आणण्याचा परवाना. भारतात ते फिक्की ही उद्योग संघटना देते आणि ते एक वर्षापर्यंत चालतं. प्रत्येक सीमेवर शिक्का मारून घ्यायचा, परतीलाही. घाईत विमानतळावरचा शिक्का राहिला तर माल युरोपातच राहिला असं गृहीत धरून शुल्काची मागणी येते. ग्राहकाकडे ठेवायचे नमुने कार्नेटमध्ये घालू नका. किरकोळ किमतीच्या भागाला आरपार भोक पाडा किंवा तो कापा, म्हणजे तो विक्रीयोग्य राहत नाही आणि शुल्कातून सुटू शकतो.

सोबत आमदार, सरकारी अधिकारी किंवा सरकारी महामंडळाचा कर्मचारी असेल आणि त्याच्या हॉटेलचा खर्च जर्मन यजमान करणार असेल, तर एफसीआरए या परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरच्या कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. सरकारी व्यक्तींना परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी वेगळी. ही दोन कामं कुणाच्याच नावावर टाकलेली नसतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात आठवतात. आत्ताच एका माणसाकडे सोपवा. खर्चासाठी सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय सहकार्य योजना पाहा. त्यात अर्ज संघटनेने करायचा असतो.

तिथे पोहोचल्यावर

दिवसाला तीन भेटी पुरे. फ्रांकफुर्ट विमानतळापासून स्टुटगार्ट साधारण दोनशे किलोमीटर आहे, आणि शहराभोवतीची वाहतूक कोंडी रोजची. रेल्वेच्या वेळांवर भिस्त ठेवू नका, बस घ्या. मात्र बसचालकाचे नियम समजून घ्या: साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं आणि रोज अकरा तास विश्रांती. आठवड्यातून मोजक्या वेळाच ती नऊ तासांवर आणता येते. रात्रीचं जेवण साडेअकराला संपलं आणि बसने हॉटेलवर सोडलं, तर नऊ तासांची सवलत धरूनही सकाळी साडेआठच्या आधी तोच चालक निघू शकत नाही. वेळापत्रक इथेच कोसळतं, आणि नाहक चालकाशी वाद होतो.

कारखाना पाहायला जाताना नावांची यादी आणि बुटांचे नंबर आधी पाठवा, सुरक्षा बूट तेच देतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील. तक्रार न करता लावू द्या. न विचारता फोटो काढणारा एकजण सगळ्या गटाचा विश्वास घालवतो.

महापौर किंवा चेंबरच्या स्वागतात आपल्याकडून एकानेच बोलावं. दुभाषी वाक्यागणिक बोलत असेल तर दहा मिनिटांच्या भाषणाला वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांचं लिहा आणि दोन दिवस आधी दुभाष्याला द्या. भाषणात त्या गावाबद्दल, तिथल्या कंपन्यांनी आपल्याकडे दिलेल्या रोजगाराबद्दल बोला. आपल्या संघटनेचा इतिहास त्यांनी माहितीपत्रकात वाचलेला असतो.

भेटवस्तू छोटी द्या. सरकारी पदावरच्या व्यक्तीला महागडी वस्तू स्वीकारता येत नाही आणि ती नाकारताना दोघांचीही पंचाईत होते. सावंतवाडीची गंजिफा किंवा लहान हिमरू स्टोल शोभतो. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांच्या सामानात दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे आणि ते विमानतळावरच जप्त होतात.

सामंजस्य करार करायचा असेल तर मसुदा तीन आठवडे आधी पाठवा, कारण त्यांचे वकील तो वाचतात. तो कायद्याने बंधनकारक नाही हे स्पष्ट लिहा, पण दोन्हीकडच्या जबाबदार व्यक्तीचं पद आणि पहिल्या सहा महिन्यांतली दोन कामं त्यात असू द्या. महापालिका किंवा राज्य सरकार सही करणार असेल तर आधी परराष्ट्र मंत्रालयाची संमती घ्या.

रोज संध्याकाळी बसमध्येच प्रत्येकाने कोणाला काय कबूल केलं ते एका वहीत उतरवा. ड्रॉइंग मागितलं असेल तर अठ्ठेचाळीस तासांत, दर मागितला असेल तर दहा दिवसांत. जमणार नसेल तर तेही त्याच मुदतीत कळवा. न जमलेलं काम त्यांना चालतं, उत्तर न येणं चालत नाही.

खरेदीदार कारखाना पाहायला येतो म्हणाला, तर तारीख तिथेच घ्या. त्याला पर्यटन व्हिसावर येऊ देऊ नका. भारताचा ई-बिझनेस व्हिसा लागतो, आणि त्यासाठीचं निमंत्रणपत्र आपल्या लेटरहेडवर, त्याच्या पासपोर्टमधल्या नावाने, घरी पोहोचल्याच्या आठवड्यातच पाठवा.