टाकीत ॲसिटोन ओतण्याआधी: गाडीचे ॲव्हरेज अचूक कसे मोजावे

पेट्रोलमध्ये थोडे ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावण) मिसळले की गाडीचे ॲव्हरेज वाढते, हा सल्ला गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. प्रमाणसुद्धा ठरवून दिलेले असते: दर १० लिटरला साधारण १५ ते २५ मिलिलिटर. ॲसिटोन नसेल तर कोणी थिनर सुचवतो, कोणी टर्पेंटाइन, कोणी डांबरगोळ्या. यांपैकी काहीही टाकीत घालू नये, असे माझे मत आहे. मात्र नुसते ‘करू नका’ म्हटल्याने कोणाचेही समाधान होत नाही, म्हणून दावा कागदावर, बरणीत आणि शेवटी रस्त्यावर कसा पारखावा, ते येथे सांगतो.

आधी कागदावरचा हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर ॲसिटोनपासून सुमारे २३. म्हणजे आपण जे ओततो, ते मुळातच पेट्रोलपेक्षा हलक्या प्रतीचे इंधन आहे. यावर ठरलेले उत्तर असे असते की ॲसिटोन ऊर्जा देत नाही, ते पेट्रोलचे जास्त बारीक थेंब करून ज्वलन पूर्ण करते. पण चांगल्या स्थितीतल्या इंजेक्शन इंजिनात न जळता बाहेर पडणारे इंधन फार तर दोन-तीन टक्के असते. ते सगळे जळाले तरी लाभ तेवढ्यापुरताच. पेट्रोलमधली बहुतांश ऊर्जा वाया जाते ती सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे, उष्णतेच्या रूपाने, आणि ती गळती कोणतेही द्रावण थांबवू शकत नाही. त्यामुळे वीस-तीस टक्के वाढीचा दावा ऐकला की ते इंधन आजवर नेमके कुठून वाया जात होते, एवढा एकच प्रश्न विचारावा.

इतर द्रावणांची गोष्ट थोडक्यात. थिनर हे एका रसायनाचे नाव नाही. डब्यागणिक मिश्रण बदलते, त्यामुळे आपण काय ओतले हेच कळत नाही. त्यात टोल्युइन असले तर ऑक्टेन वाढते, पण ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न पडू देण्याची क्षमता, ऊर्जा नव्हे. रॉकेलने उलट ऑक्टेन उतरते आणि ठोके सुरू होतात. काही डांबरगोळ्या नॅफ्थॅलीनच्या, तर काही पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. दुसऱ्या प्रकारात क्लोरिन असते आणि ते जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होते.

आता बरणीतला प्रयोग. इंधनप्रणालीतून बदलून काढलेली एखादी जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) गॅरेजमधून मागून आणावी. ती कागदावर ठेवून पेन्सिलीने आतून आणि बाहेरून रेघ ओढावी, मग झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये दिवसभर बुडवून ठेवावी. ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून बरणी मोकळ्या हवेत, आगीपासून आणि विजेच्या बटणापासून दूर असावी. दुसऱ्या दिवशी चिमट्याने बाहेर काढलेली रिंग बहुधा स्वतःच्याच रेघेत मावत नाही; दाबल्यास ती मऊ लागते. कारण साधे आहे: नायट्राइल आणि फ्लुओरोइलास्टोमर ही रबरे पेट्रोलला टिकतात पण ॲसिटोनने फुगतात, तर ॲसिटोनला टिकणारे ईपीडीएम रबर पेट्रोलमध्ये फुगते. शुद्ध ॲसिटोन आणि टाकीतले पातळ मिश्रण यांत अर्थातच पुष्कळ अंतर आहे. २० मिलिलिटरने सील लगेच निकामी होत नाही. पण त्या मात्रेने फरक दिसला नाही की माणूस पुढच्या वेळी मात्रा दुप्पट करतो, आणि खरी भीती तिथे आहे.

तरीही ‘मला फरक पडला’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. चूक बहुतेक वेळा मोजमापात असते. समजा गाडी ५४७ किलोमीटर चालली आणि टाकी पुन्हा फुल करायला ३४.२ लिटर पेट्रोल लागले, तर ॲव्हरेज १६ आले. याच प्रवासानंतर नोझल जरा आधी बंद पडले आणि ३३.६ लिटरच बसले, तर तेच ॲव्हरेज १६.३ येते. गाडीत काहीही न बदलता जवळजवळ दोन टक्के ‘वाढ’ झाली! शिवाय बाटली ओतणारा माणूस त्या आठवड्यात ॲक्सिलरेटर नकळत हलक्या पायाने दाबतो, ते वेगळेच.

म्हणून मोजणी अशी करावी. प्रत्येक वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलने, गाडी त्याच दिशेने उभी करून पेट्रोल भरावे. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबावे, वरून थेंबही घेऊ नये. टाकी पाव भाग उरल्यावरच पुन्हा भरावी, कारण थोडे पेट्रोल भरले की मोजमापातल्या चुकीचे प्रमाण वाढते. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, एसीचा वापर आणि रस्ता लिहावा. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना पाहावी. आधी काहीही न घालता किमान चार टाक्या मोजाव्यात. त्या चार आकड्यांत जेवढा चढउतार दिसेल, त्यापेक्षा लहान फरकाला अर्थ नाही. एखादे बाटलीबंद ॲडिटिव्ह तपासायचे असेल, आणि ते गाडीच्या पुस्तिकेत बसत असेल, तर त्यानंतर चार टाक्या ते घालून आणि पुन्हा चार टाक्या न घालता मोजाव्यात. न घातल्यावर आकडा परत खाली आला, तरच श्रेय बाटलीचे. नाहीतर ते बदललेल्या ऋतूचे किंवा रस्त्याचे. पॉलीइथरअमाइन असलेला क्लीनर मळलेले इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून हरवलेले ॲव्हरेज काही अंशी परत मिळवून देऊ शकतो, पण इंजेक्टर स्वच्छच असतील तर त्याला करण्यासारखे काही उरत नाही.

ही वही चार महिने ठेवली की बाटलीपेक्षा मोठे आकडे आपोआप दिसू लागतात. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवला तर तो विरोध एक तृतीयांशाहून अधिक घटतो. अर्धवट धरून राहिलेला ब्रेकही ॲव्हरेज खातो. गाडी चालवून थांबल्यावर एकच चाक इतरांपेक्षा गरम लागत असेल, तर मेकॅनिककडे जावे.

कोणी आधीच ॲसिटोन ओतले असेल आणि ते काही मिलिलिटरच असेल, तर टाकी चांगल्या पेट्रोलने काठोकाठ न भरता नोझल थांबेपर्यंत भरून मिश्रण पातळ करावे, आणि पुढचे काही दिवस गाडीखाली ओल किंवा पेट्रोलचा वास येतो का, ते पाहावे. झाकणाजवळच्या रंगावर थेंब सांडला असेल तर पुसत बसू नये; लगेच भरपूर पाणी ओतावे, कारण घासले की मऊ पडलेला रंग फडक्याबरोबर निघतो. अर्धा-एक लिटर गेले असेल, तर इंजिन सुरू न करता गाडी ओढून न्यावी आणि टाकी गॅरेजमध्येच रिकामी करून घ्यावी.