तापमान-संवेदी लायपोसोम करताय? या चुका टाळा

तापमान-संवेदी लायपोसोम म्हणजे लिपिडचे (मेदाचे) औषध भरलेले सूक्ष्म फुगे, ठरावीक तापमानाला औषध सोडणारे. ते बनवायला दर वर्षी लॅबमध्ये नवी मुलं येतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यातलं एक तरी तोंड पाडून माझ्यासमोर उभं राहतं. "मॅडम, लायपोसोम ४१ अंश सेल्सिअसला फुटतच नाहीयेत." (फुटत नाहीत रे, गळतात. पण ते असो.) माझा प्रश्न ठरलेला: ४१ कुठे मोजलंस? उत्तरही ठरलेलं: पाणी तापवणाऱ्या बाथवर.

हसत नाही मी. याच चुकीत माझे पाच आठवडे गेलेत. माझं मिश्रण तीन लिपिडांचं: डीपीपीसी, एमएसपीसी आणि पेग-लिपिड ८६:१०:४, म्हणजे थर्मोडॉक्स या तापमान-संवेदी लायपोसोम औषधाचंच प्रमाण. डीपीपीसीचा थर ४१ च्या आसपास घट्टचा पातळ होतो, एमएसपीसीमुळे त्यात चटकन छिद्रं पडतात आणि काही सेकंदांत आतलं डॉक्सोरुबिसिन (कॅन्सरवरचं औषध) बाहेर येतं. माझा रिलीजचा (औषध बाहेर येण्याचा) ग्राफ मात्र ४४ शिवाय हलेना. लिपिड खराब म्हणून नवं मागवलं, प्रमाण बदलून पाहिलं, गाइडशी वाद घातला. शेवटी एका सीनिअरने थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार सरळ क्युव्हेटमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या पात्रात, सोडली. बाथच्या डिस्प्लेवर ४४, क्युव्हेटमध्ये ४१.१. बाथ आणि फ्लुओरिमीटर (सॅम्पलची चमक मोजणारं यंत्र) यांच्यामधल्या उघड्या रबरी नळीत तीन अंश सांडत होते. लायपोसोम पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखे वागत होते.

तेव्हापासून तार क्युव्हेटमध्येच. दोन मिली बफर आधी तापवायचं, तारेवर ४१ स्थिर दिसलं की मगच २० मायक्रोलिटर लायपोसोम सोडायचे. थंड सॅम्पल आख्खं तापवत बसलात तर तुम्ही रिलीज मोजत नाही, क्युव्हेट किती वेळात तापतं ते मोजता.

दुसरी चूक घाईची. डॉक्सिल या दुसऱ्या लायपोसोम औषधाची कृती उचलायची आणि औषध ६० ला भरायचं, कारण "लवकर होतं". डॉक्सिलच्या थरात एचएसपीसी हे वेगळं लिपिड आणि कोलेस्टेरॉल असतं, त्याला ६० सोसतं. आपल्या लायपोसोमच्या आत पीएच ४ चं (आम्लधर्मी) सायट्रेट, बाहेर ७.४, आणि या फरकाच्या ओढीनेच डॉक्सोरुबिसिन आत जातं. ६० ला थर गळका झाला की फरकच उरत नाही, मग ओढणार कोण? मी ३५ ते ३७ मध्ये तासभर देते. कंटाळा येतो, येऊ दे. आणि "जरा स्टेबल व्हावं" म्हणून वर कोलेस्टेरॉल घालणाऱ्यांना हात जोडते: ज्या टोकदार बदलासाठी हा सगळा खटाटोप, तोच बोथट होतो.

बाकीचं झटपट. एक्स्ट्रूडरचा (लायपोसोम बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून ढकलणाऱ्या यंत्राचा) ब्लॉक ५० पर्यंत तापल्याशिवाय दट्ट्या ढकलू नका, मेम्ब्रेन फाटतं. शेवटी ट्रायटॉन (सगळे लायपोसोम फोडणारा डिटर्जंट) घालून १०० टक्क्यांचं रीडिंग घेतलं नसेल तर तुमचे "८० टक्के रिलीज" मला दाखवू नका. साखर न घालता फ्रीझरमध्ये टाकू नका. ३७ ला बफरमध्ये गळत नाहीत म्हणून नाचू नका, सीरममध्ये पाहा.

आणि मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत व्हायल बेंचवर ठेवून जेवायला जाऊ नका. नागपूरसारख्या ठिकाणी खोलीच चाळिशीला टेकते. तुम्ही हात धुऊन येईपर्यंत तुमचा प्रयोग तुमच्याशिवाय उरकलेला असतो.