प्लॅनर बोर्ड लावून वॉलायची मासेमारी: एरी सरोवरावरची पद्धत

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या एरी सरोवराचा पश्चिमेकडचा भाग सरासरी जेमतेम २४ फूट खोल आहे. त्यात १९८८ साली शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडलेल्या झेब्रा शिंपल्यांनी इथेही ठाण मांडलं आणि पाणी गाळून गाळून पूर्वीपेक्षा नितळ केलं. उथळ, नितळ पाण्यात डोक्यावरून बोट गेली की वॉलाय हा मासा बाजूला सरकतो. मग बोटीच्या मागे सरळ रेषेत ओढलेला ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, नेमका मासे निघून गेलेल्या पट्ट्यातून जात राहतो. प्लॅनर बोर्ड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फळी, हा ल्यूर बोटीपासून ४० ते १२० फूट बाजूला नेतो, शिवाय एकाच वेळी चार-सहा लाइन एकमेकींत न अडकता पाण्यात ठेवता येतात. डेट्रॉइट, टोलेडो, क्लीव्हलँडकडे राहणाऱ्या आणि स्वतःची छोटी बोट असलेल्या मंडळींनी हे तंत्र नीट शिकून घ्यावं.

बोर्डाचे दोन प्रकार आहेत. एकात बोटीवर खांब उभारून मोठी फळी जाड दोरीने बाजूला सोडतात आणि त्या दोरीवर क्लिपांनी लाइन अडकवतात. मासा लागला की लाइन क्लिपमधून सुटते आणि मासा थेट रॉडवर खेळतो. मोठ्या बोटीला आणि उंच लाटांना ही पद्धत उत्तम. दुसऱ्या प्रकारात साधारण फूटभर लांबीचा बोर्ड पुढच्या आणि मागच्या अशा दोन क्लिपांनी थेट रॉडच्या लाइनवर बसतो. १६ ते २० फुटी बोटीसाठी हाच घ्या. खाली सगळं त्याच्याबद्दलच आहे.

बोर्ड डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे असतात. पुढच्या टोकाचा तिरका काप बोटीच्या दिशेला यायला हवा. पाणी त्या कापावर आदळतं आणि बोर्डाला बाहेर ढकलतं, लाइन त्याला धरून ठेवते. पतंग वाऱ्यावर ताणून उभा राहतो, तसंच हे. बाजू चुकली तर बोर्ड बाहेर जायचं सोडून बोटीखाली येतो. अंधारात पहाटे निघताना ही चूक हमखास होते, म्हणून डावे-उजवे बोर्ड वेगळ्या पेटीतच ठेवा.

रॉड साडेसात ते साडेआठ फुटांचा, टोकाकडे मऊ. रीळ लाइन मोजणारंच हवं, त्याशिवाय या पद्धतीला अर्थ नाही. लाइन १० ते १२ पौंडी मोनो, म्हणजे एकसंध नायलॉन धाग्याची घ्या. वेणीसारखी विणलेली लाइन बारीक असल्यामुळे तेवढ्याच लांबीवर ल्यूर जास्त खोल जातो आणि ती क्लिपमधून घसरते. वापरायचीच असेल तर क्लिपच्या एका जबड्याभोवती दोन वेढे द्या, किंवा वेणीच्या लाइनसाठी बनवलेली क्लिप लावा. ल्यूरच्या खोलीचे तक्ते बहुधा १० पौंडी मोनोवर काढलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

क्लिपकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि सर्वांत जास्त मासे तिथेच हातचे जातात. पुढची क्लिप रबरी पॅडची असते. लाइन पॅडच्या कडेला नाही, मध्याच्याही आत दाबून बसवा. मागची क्लिप मधोमध खुंटी असलेली घ्या आणि लाइन खुंटीच्या आतल्या बाजूने घाला. मग पुढची सुटली तरी बोर्ड लाइनवरून निसटून सरोवरात जात नाही. पॅड गुळगुळीत झाले की क्लिप बदलायची. लाइन गुपचूप घसरत राहिली तर ल्यूर ८० फुटांवर आहे की १००, हे कळणार नाही आणि लागलेली खोली पुन्हा साधता येणार नाही.

आता पाण्यात सोडण्याचा क्रम. बोट ट्रोलिंगच्या, म्हणजे ल्यूर मागे ओढत संथ जाण्याच्या वेगात, सरळ रेषेत, शक्यतो वाऱ्याच्या दिशेने चालू ठेवा. ल्यूर बोटीशेजारी पाण्यात धरून तो सरळ पोहतोय का पाहा. एका अंगाला पळत असेल तर पुढची कडी पक्कडीने विरुद्ध बाजूला किंचित वाकवा. रिळाचं मीटर शून्यावर आणून ठरलेली लाइन सोडा, समजा ८० फूट. रीळ बंद करा, पुढची क्लिप लावा, मग मागची, आणि बोर्ड पाण्यावर उभा ठेवा. नंतर अंगठ्याने दाब देत लाइन हळूहळू सोडा. एकदम मोकळी सोडली तर बोर्ड मागे पडतो, ल्यूरचा ताण जातो आणि शेजारच्या लाइनशी गुंता होतो.

सर्वांत बाहेरचा बोर्ड आधी सोडायचा. तो बोटीपासून १०० ते १२० फुटांवर, मधला ७० ते ८०, आतला ४० ते ५० फुटांवर. बाहेरच्या बोर्डाचा रॉड बोटीच्या सर्वांत पुढच्या होल्डरमध्ये, आतल्याचा मागच्यात. रॉडची टोकं उंच ठेवा, म्हणजे लाइन लाटांवर लोळत नाही. कमी खोल जाणारे ल्यूर बाहेर, जास्त खोल जाणारे आत. बाहेरचा मासा ओढून आणताना तो आतल्या लाइनच्या वरून सरकावा, यासाठी हा क्रम. पहिल्या दिवशी प्रत्येक बाजूला एकच बोर्ड पुरे. माणशी किती लाइन चालतात याचे नियम मात्र ओहायो, मिशिगन आणि ऑन्टॅरिओत सारखे नाहीत. निघण्याआधी आपल्या परवान्याचे नियम वाचा.

ल्यूर माशांच्या पातळीला किंवा त्याहून दोन-तीन फूट वर ठेवा. वॉलाय वरचं आमिष घ्यायला येतो, खालचं सहसा नाही. मोठ्या बिलाशिवाय (बिल म्हणजे ल्यूरला खोल नेणारी त्याच्या तोंडाची पट्टी) ल्यूर खोल न्यायचा असेल तर ५० फूट लाइन सोडून क्लिपवालं शिसं लावा, आणखी ५० फूट सोडा, मग बोर्ड. पाणी ५० अंश फॅरेनहाइटच्या खाली असेल तर वेग ताशी १ ते १.५ मैल, उन्हाळ्यात क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या, बिल असलेल्या ल्यूरला) २ ते २.५. गांडुळाच्या हार्नेसला (गांडूळ ओवलेल्या गळांच्या जोडणीला) मात्र बारा महिने संथच, १ ते १.५.

वेग ठरवायला वळणांची मोठी मदत होते. नागमोडी जाताना आतल्या बाजूचे बोर्ड मंदावतात, बाहेरचे वेग घेतात. पुन्हा पुन्हा बाहेरच्याच बाजूला मासा लागत असेल तर वेग पाव मैलाने वाढवा, आतल्या बाजूला लागत असेल तर तेवढाच कमी करा. वळण लांबलचक घ्या. झटकन वळलात तर आतल्या लाइन सैल पडून एकमेकींवर चढतात.

बोर्ड वाचता येणं हे यातलं खरं कसब. मोठा मासा लागला की बोर्ड झटका खाऊन मागे जातो, ते कुणालाही दिसतं. पण छोटा मासा, शीपहेड जातीचा मासा किंवा नुसतं शेवाळ लागलं की बोर्ड शेजाऱ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन फूट मागे रेंगाळतो. यासाठी स्प्रिंगवर वाकणारा झेंडा बसवा. नुसत्या ल्यूरच्या ओढीला झेंडा सरळ उभा राहील इतका ताण ठेवायचा. तो अर्धवट वाकलेला राहिला की लाइन काढून बघाच, नाहीतर शेवाळ लागलेला ल्यूर अर्धा तास फुकट फिरतो. बोर्डाचं नाक पाण्यात बुडत असेल तर ल्यूर किंवा शिसं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. वेग कमी करा, भागलं नाही तर मोठा बोर्ड लावा.

मासा लागल्यावर बोट थांबवू नका. थांबली की सगळे बोर्ड आत वाहत येतात आणि गुंता होतो. फक्त वेग थोडा उतरवा. रॉड झटकायचा नाही, माशाचं वजन आधीच लाइनवर आहे. वरखाली पंपही करू नका. एका लयीत रीळ फिरवा. मासा आणि बोर्ड हळूहळू मागे, बाकीच्या लाइनच्या पलीकडे सरकतात. बोर्ड रॉडच्या टोकापासून तीनेक फुटांवर आला की रॉडवाल्याने रॉड वाकलेला ठेवून एक-दोन पावलं मागे सरकायचं आणि जोडीदाराने आधी पुढची, मग मागची क्लिप दाबून बोर्ड काढून घ्यायचा. या दोन सेकंदांत लाइन सैल पडली की वॉलाय डोकं झटकतो आणि तीनतोंडी गळ सुटतो. जोडीदाराशी हे बंदरातच दोनदा करून पाहा.

बाहेरची जागा रिकामी झाली की तीच लाइन पुन्हा तिथे पोहोचवायची खटपट नको. त्या बाजूच्या उरलेल्या बोर्डांना लाइन देऊन एकेक जागा बाहेर सरकवा आणि नवी लाइन सर्वांत आत सोडा. फक्त ल्यूरच्या खोलीचा क्रम तेव्हा उलटतो, म्हणून एका बाजूला शक्यतो सारख्याच खोलीचे ल्यूर लावलेले सोपे जातात.

दुसऱ्या बोटी जवळून जातात तेव्हा तुमची लाइन १२० फूट बाजूला पसरली आहे हे त्यांना ठाऊक नसतं. भडक रंगाचे बोर्ड आणि उंच झेंडे त्यासाठीही हवेत. आणि एप्रिलमध्ये पाणी गोठवणारं असतं, उथळ सरोवरात वारा सुटला की लाटा लगेच उभ्या आणि दाट होतात. लाइफ जॅकेट अंगावर घालूनच रॉडला हात लावा, आणि वारा वाढू लागला की आतल्या बोर्डापासून सुरुवात करून सगळं आवरतं घ्या.