गळ टाकण्याआधी कॅमेऱ्याची बांधाबांध

शिकारीचे व्हिडिओ करायची हौस असेल तर पहिली गोष्ट नक्की करा: शिकार कशाची? ससा, घोरपड, तितर, यांतलं काहीही मुंबईच्या आसपासच्या रानात धरलंत तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. नुसतं मारणंच नाही, पकडणं, फासे लावणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्या कायद्यात शिकारीतच मोडतं. त्याचा व्हिडिओ टाकणं म्हणजे वनखात्याच्या हातात आपणहून पुरावा देणं. तेव्हा या शहरात उजळ माथ्याने दाखवता येईल अशी शिकार उरते ती समुद्राची. गरी म्हणजे गळाचा आकडा, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आमिष आणि वाट बघणं. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांसाठीच पुढची तयारी लिहितोय, आणि तिच्यामागे माझा एकच हट्ट आहे: पाण्यापाशी पोचल्यावर कॅमेऱ्याने तुमच्याकडे काहीही मागता कामा नये. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे समुद्राकडे आणि माशाकडे हवेत. कॅमेऱ्याचं जे काही करायचं ते घरातून निघायच्या आधी.

सुरुवात पंचांगापासून करा. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमारास भरते, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. नक्की वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्याच, पण हा हिशोब डोक्यात असला की महिन्याभराचं वेळापत्रक बसल्या जागी मांडता येतं. नवख्या माणसाला मी दशमी-एकादशी सुचवतो. भरती सकाळी साडेसात-सव्वाआठच्या आसपास, म्हणजे सूर्य उगवताना पाणी चढतं असतं आणि ऊन तिरकं, मऊ असतं. शिवाय ते भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस. पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखं अंगावर येत नाही. उधाणाच्या दिवसांत मासा जास्त हलतो हे खरं, पण मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि खडकावर उभ्या माणसाची परतीची वाट मागच्या मागे बुडते. ते दिवस अनुभव आल्यावर.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक बोटींसाठी असते, पण त्या दिवसांत खडकांवर शेवाळ माजलेलं असतं, समुद्र खवळलेला असतो आणि बरेच मासे अंड्यावर असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत रॉड माळ्यावर राहू द्या. तोवर कॅमेरा शिकून घ्या.

जागा निवडताना आधी बघायचं ते घसरून पडलो तर बाहेर कसं यायचं. जानेवारी २०१६ मध्ये बँडस्टँडच्या खडकांवर सेल्फी काढताना एक तरुणी पाण्यात गेली आणि तिला वाचवायला उडी घेतलेला माणूसही बुडाला. त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा सेल्फीसाठी बंद केल्या. ते खडक आजही तसेच आहेत. पहिल्या व्हिडिओला सपाट, रुंद जागा घ्या. मढ-मार्वेकडे किंवा मनोरी-गोराईच्या बाजूला अशा मिळतात, आणि ओहोटीला एकदा नुसतं जाऊन पाण्याखालचा तळ बघून या. कुठे दगड, कुठे चिखल, कुठे घळ, हे तेव्हाच दिसतं. गळ कुठे टाकायचा आणि कॅमेरा कुठे ठेवायचा, दोन्ही त्याच फेरीत ठरतं. पायात चप्पल नको, पकड असलेले बूट घाला, आणि एकटे जाऊ नका.

काही जागा यादीतून आधीच काढून टाका. तुळशी आणि विहार तलावांकडे फिरकायचं नाही. पवईला महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही जुनी संघटना आहे, तिथे सभासदांच्या चौकटीत राहून गळ टाकतात, आणि त्या तलावात मगरी आहेत हे विसरून काठावर पाय सोडून बसू नये. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. नौदलाचा परिसर, बंदराच्या गोद्या, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, यांच्या दिशेने कॅमेरा धरू नका, मागच्या दृश्यातसुद्धा नको. ड्रोन तर विसराच. विमानतळ आणि नौदल दोन्ही कुशीत असलेलं हे शहर, पोलिसांचे बंदीचे आदेश कायम निघत असतात. कोळीवाड्यातून वाट जात असेल तर आधी बोला. "नाखवा, इथे गरवलं तर चालेल का? तुमची जाळी कुठवर आहेत?" एवढं विचारलंत की बहुतेक वेळा जागाही कळते आणि त्या दिवशी पाण्यात काय चालू आहे तेही. मासळी निवडत बसलेल्या मावशींचा चेहरा न विचारता टिपू नका. त्या तुमच्या व्हिडिओची सजावट नाहीत.

आता कॅमेरा. महागडा घ्यायची अजिबात गरज नाही. हातातला फोन आणि जमल्यास एक छोटा ॲक्शन कॅमेरा, बास. ॲक्शन कॅमेरा छातीवर लावलात तर थोडा वरच्या बाजूला तिरका करा, नाहीतर सगळ्या व्हिडिओत तुमची कोपरं आणि रील दिसतं, पाणी दिसतच नाही. डोक्यावर लावलात तर तुम्ही जिथे बघता तिथे तो बघतो, पण मान सारखी हलली तर बघणाऱ्याला गरगरतं. घरी गॅलरीत उभं राहून, हातात रॉड धरून, पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा आणि कोन ठरवून पट्ट्याला खूण करा. फोन ट्रायपॉडवर तुमच्या मागे, थोडा बाजूला, लाटेच्या पोचेबाहेर. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवा आणि तिथेच मिळणारे दगड तिच्यात भरा. फोनला दोरी हवीच.

मासा कधी लागेल ते सांगून येत नाही, आणि तास-दीड तास सलग रेकॉर्ड करत बसलं तर कार्डही भरतं आणि बॅटरीही जाते. ॲक्शन कॅमेऱ्यात लूपिंग असतं. त्यात तो ठरावीक मिनिटांचं रेकॉर्डिंग ठेवून जुनं पुसत जातो. झटका बसला, मासा बाहेर आला, की थांबवायचं, आधीची मिनिटं हातात असतात. ही एक सोय घरी नीट शिकून जा. जागेचा हिशोबही करून ठेवा. फोनवर १०८०पी, ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी खातो, ४के तेवढाच घेतला तर १७० एमबीपासून पुढे. सुरुवातीला १०८०पी पुरे. बघणारे बहुतेक लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवरच बघणार आहेत.

खारं पाणी हा कॅमेऱ्याचा खरा वैरी. लेन्सवर तुषार पडतो, उन्हात मिनिटभरात सुकतो आणि मागे एक पांढुरका गोल डाग राहतो. तिथे पुढच्या प्रत्येक दृश्यात धुकं दिसतं. तो डाग कोरड्या शर्टाने पुसायचा मोह सगळ्यांना होतो. पुसू नका. तो मिठाचा खडा आहे, काचेवरून फिरला की तिच्यावरच्या लेपावर ओरखडा उठू शकतो. खिशात गोड्या पाण्याची छोटी बाटली ठेवा, आधी दोन थेंब सोडून मीठ विरघळवा, मग चष्म्याच्या मऊ कापडाने टिपा. दर अर्ध्या तासाने, माशाची हालचाल नसताना, हे करायचं. घरी आल्यावर पाण्यात चालणारा कॅमेरा झाकणं घट्ट असताना गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. फोन ओलसर फडक्याने पुसा आणि चार्जिंगचं भोक पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका.

आवाजाचं काय? किनाऱ्यावर वारा माइकमध्ये असा घुसतो की तुमचं एक वाक्य ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा छोटा माइक, त्यावर केसाळ टोपी, आणि माइक वाऱ्याच्या उलट बाजूला. तरीही तिथे फार बोलू नका. लाटेचा आवाज, रीलची करकर, झटका बसल्यावर तोंडातून निघालेला उद्गार, एवढं खरं तिथलं. बाकी माहिती रात्री घरी पंखा बंद करून सांगा.

आणि ज्याच्यासाठी एवढी यातायात तो मासा. माझ्या मते व्हिडिओ चांगला की वाईट हे माशाला तुम्ही कसं वागवता यावर ठरतं. म्हणून पिशवीत हातजाळं, लांब तोंडाची पक्कड, ओलं फडकं, मोजपट्टी, धारदार सुरी आणि बर्फाचा डबा हवा, आणि हे सगळं गळ टाकण्याआधी बाहेर काढून मांडलेलं हवं. मासा ठेवणार की सोडणार हे तो पाण्यात असतानाच ठरवा. ठेवणार असाल तर लगेच डोक्यावर नेमका घाव घालून त्याला संपवा, रक्त काढा, बर्फात घाला. हे दाखवायची गरज नाही, लपवायचीही नाही. "मासा ठेवलाय" एवढं सांगितलं की झालं. तडफडणारा मासा खडकावर टाकून कॅमेऱ्यापुढे गप्पा मारणं मला बघवत नाही, आणि बघणाऱ्या कुणालाच ते शिकवू नये. सोडणार असाल तर हात ओले करा, पोटाखालून आधार देऊन आडवा धरा, कल्ल्यांत बोटं घालू नका. उचलताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाण्यात जायची वेळ झाली.

दोन माशांबद्दल वेगळं सांगतो. शिंगाळा आपल्याकडे सारखा लागतो. त्याच्या पाठीवर एक आणि छातीशी दोन असे तीन काटे, विषारी. हातात धरून कॅमेऱ्याकडे वळायच्या नादातच ते लागतात. पक्कडीनेच गरी काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. या शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन उबवतो, गोटीएवढी अंडी. तोंड उघडलं आणि आत अंडी दिसली तर व्हिडिओ राहू द्या, आधी तो पाण्यात गेला पाहिजे. दुसरा जिताडा. तो नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या धिप्पाड जिताड्याबरोबर फोटो काढायची सगळ्यांना स्वप्नं पडतात, तो बहुधा अंडी घालणारी मादी असतो. मोजा, एक दृश्य घ्या, सोडा. मधल्या मापाचा घरी न्या.

लहान मासळीचंही तसंच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. मोजपट्टी व्हिडिओत दिसू द्या. बघणाऱ्यालाही सवय लागते. समुद्री कासवं, व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडे हे संरक्षित आहेत. तंगूस गुरफटलेलं कासव दिसलं तर तंगूस कापून त्याला सोडवा. जाळं कापून असे जीव सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं आणि त्यासाठी सोडतानाचे फोटो लागतात. तुमच्या कॅमेऱ्याचा असाही उपयोग होऊ शकतो, शेजारच्या होडीवाल्या दादांना सांगून ठेवा. तुटलेला तंगूस खडकांत सोडून येऊ नका, गुंडाळून पिशवीत घाला.

व्हिडिओ जोडताना आठ-दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. रिकामे गेलेले तास लपवू नका. बाजारातून आणलेला मासा गळाला लावून ओढायचे प्रकार चालतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कोळ्याच्या पोराला एका नजरेत कळतं. व्हिडिओच्या वरच्या चित्रात, म्हणजे थंबनेलमध्ये, रक्त नको. मासेमारी यूट्यूबला चालते, प्राण्याला मुद्दाम छळलेलं चालत नाही. कोळीगीत मागे लावायचा मोह होईल, पण हक्क असलेल्या गाण्यावर दावा येतो आणि कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. लाटेचा आवाज ठेवा. कमाईचं आत्ता मनात आणू नका. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात बघितलेले ४,००० तास लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज.

टाकण्याआधी फोनचं लोकेशन बंद आहे ना बघा, आणि मागे ओळखू येणारी इमारत किंवा जेट्टी असेल तर तो तुकडा कापा. "दादा, जागा कुठली?" हा प्रश्न पहिल्या तासात येणार. जागा सांगू नका. चार दिवसांत तिथे पन्नास रॉड उभे राहतात, प्लास्टिक पडतं, आणि ज्या नाखव्याने तुम्हाला उभं राहू दिलं त्याचीच पंचाईत होते. तिथी सांगा, पाणी चढतं होतं की उतरतं, आमिष कुठलं, गरी किती नंबरची, हे सगळं मोकळेपणाने सांगा. तेवढ्यावर शिकणारा आपली जागा शोधतो.