पक्षाघातानंतर घरी आल्यावर : रुग्णाच्या मनाची काळजी कशी घ्यावी

पक्षाघाताचा रुग्ण घरी येतो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे औषध, व्यायाम आणि पुढच्या तपासणीची तारीख एवढे सगळे लिहिलेले असते. मनाविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. पुढच्या काही महिन्यांत रुग्ण काठी धरून चालू लागतो, भेटायला येणारे 'बरीच सुधारणा आहे' असे म्हणून जातात, आणि नेमक्या त्याच काळात घरातली माणसे आपसांत बोलू लागतात की हे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पक्षाघात झालेल्या दर तीन जणांपैकी सुमारे एकाला नैराश्य येते. त्यामागे गमावलेल्या गोष्टींचे दुःख असते, तसेच मेंदूला झालेली इजाही असते. म्हणूनच 'मन खंबीर करा' हा उपदेश कितीही प्रेमाने केला तरी तो उपचार ठरत नाही.

घरच्यांनी सर्वांत आधी करायचे काम म्हणजे नीट ओळख पटवणे. नैराश्य, न आवरणारे रडू, निरिच्छता आणि थकवा या चार गोष्टी बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात, परंतु प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे, आणि एकीचा उपाय दुसरीवर केल्याने रुग्ण आणि घरचे दोघेही थकून जातात.

नैराश्य ओळखताना दोन आठवड्यांचा काळ डोळ्यांसमोर ठेवावा. या काळात जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, व्यायामाला नकार मिळत असेल, 'माझे ओझे झाले आहे' असे बोलणे वारंवार होत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. डॉक्टर अशा वेळी बहुधा पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी आवश्यक मानली जाते. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना ही प्रश्नावली सोडवता येत नाही, त्यामुळे नैराश्य सर्वांत जास्त निसटते ते त्यांच्याच बाबतीत. त्यांनी जेवणाचे ताट परत केले, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, रात्री जागे राहिले, या नोंदी घरच्यांनी तारखेनिशी वहीत लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात.

न आवरणाऱ्या रडण्याचे स्वरूप निराळे असते. मालिकेतला साधा प्रसंग, नातवंडाचा फोन, कोणी केलेली विचारपूस एवढ्यानेही रडू फुटते, ते क्षणांत सुरू होते आणि थोड्याच वेळात थांबते. काहींना अशाच प्रकारे अवेळी हसूही येते. 'आतून खरोखर वाईट वाटते आहे का' असे विचारल्यावर रुग्ण नाही म्हणाला, किंवा भावना होती पण एवढी नव्हती असे सांगू लागला, तर भावना व्यक्त होण्यावरचे मेंदूचे नियंत्रण सैल झाले आहे असे समजावे. अशा वेळी भोवती गोळा होऊन 'रडू नका' म्हणण्याने रडणे वाढते. चालू असलेले बोलणे शांतपणे पुढे न्यावे, विषय बदलावा, रुग्णाने बसण्याची स्थिती बदलून संथ श्वास घ्यावा. येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवले, तर रुग्णाची लाज निम्म्याने कमी होते. हा त्रास अनेकांत काही महिन्यांत ओसरतो. तो माणसांत मिसळण्याच्या आड येत असेल, तर नैराश्यावरची औषधे त्यावरही दिली जातात.

निरिच्छता घरच्यांना सर्वांत अधिक छळते. रुग्ण दुःखी नसतो, तक्रार करत नाही, मात्र स्वतःहून काहीच सुरू करत नाही. मग त्याला आळशी ठरवले जाते आणि घरात रोज वाद होतात. कृतीची सुरुवात करून देणारी मेंदूची यंत्रणाच मंदावलेली असल्यामुळे 'आज काय करायचे' या प्रश्नाला उत्तर येत नाही. त्याऐवजी दोनच पर्याय द्यावेत, ठरलेल्या वेळी चपला समोर आणून ठेवाव्यात, पहिले पाऊल आपण सोबत टाकावे. सुरुवात झाली की पुढचे बरेचदा आपोआप होते. नैराश्याच्या गोळ्यांचा येथे उपयोग होईलच अशी खात्री नसते.

थकवा जवळपास निम्म्या रुग्णांना जाणवतो, आणि पक्षाघात सौम्य होता म्हणून तो कमी असेल असे नाही. अंघोळ आणि फिजिओथेरपी लागोपाठ ठेवू नये, दमण्याच्या आधी विश्रांती घ्यावी, बँकेचे किंवा डॉक्टरांकडचे काम दिवसाच्या सर्वांत ताज्या वेळी उरकावे. रक्तक्षय, थायरॉइड, झोपेत श्वास अडखळणे आणि काही औषधे यांमुळेही थकवा येतो, म्हणून एकदा तपासणी करून घेणे योग्य. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य समजले जाते आणि ते सहसा घोळक्यानेच पार पाडले जाते. एका वेळी दोन माणसे, थोडा वेळ, आणि टीव्ही बंद, एवढा नियम घरच्यांनी स्पष्टपणे सांगण्यात काहीही गैर नाही.

वाचा गेलेल्या रुग्णाशी बोलताना आवाज चढवू नये, कारण त्याचे कान शाबूत असतात आणि बुद्धीही. छोटी वाक्ये, एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत देता येणारे उत्तर आणि भरपूर वेळ, हे पुरे आहे. नाव आठवत नसतानाही पाठ असलेली आरती, पाढे किंवा शिवी स्पष्ट उच्चारात बाहेर पडते, याचे घरच्यांना आश्चर्य वाटते आणि 'मुद्दाम बोलत नाहीत' असा संशयही येतो. घोकलेले शब्द आणि नव्याने जुळवलेले वाक्य यांसाठी मेंदू एकच वाट वापरत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे. रोज सोबत म्हटलेल्या आरतीने वाचा परत येईल असे नाही, परंतु आपला आवाज पुन्हा ऐकू येण्याचा दिलासा मोठा असतो. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचाराची सोय आहे.

जीवनमान म्हणजे किती पावले चालता आले एवढेच नव्हे. प्रेमापोटी घरचे लोक रुग्णाच्या हातून सगळी कामे काढून घेतात आणि त्यासोबत सगळे निर्णयही काढून घेतात. माझ्या मते ही दुसरी गोष्ट पक्षाघातापेक्षा फारशी कमी इजा करत नाही. उजवा हात चालत नसलेल्या आईला कणीक मळता येणार नाही, तरी आमटीत मीठ किती हे तिनेच सांगावे, भाजीवाल्याशी भाव तिनेच करावा. दुकान चालवलेल्या वडिलांना महिन्याचा हिशेब वाचून दाखवावा आणि त्यांची संमती घ्यावी. अंघोळ सुनेने घालणे सासऱ्यांना आणि सुनेलाही अवघड वाटते; तेथे पुरुष मदतनीस, बसायला पक्की खुर्ची आणि भिंतीला धरायचा दांडा यांवर केलेला खर्च औषधांइतकाच आवश्यक समजावा. पतिपत्नीतील जवळीक प्रकृती स्थिरावल्यावर बहुतेकांना सुरक्षित असते, पण प्रश्न कोणी विचारत नाही. तो डॉक्टरांना विचारावा, आणि औषधांमुळे इच्छा कमी झाली असेल तर औषध स्वतःहून बंद न करता बदलून मागावे.

दुसऱ्या झटक्याची भीती अनेकांची झोप उडवते. दिवसातून पुन्हापुन्हा रक्तदाब मोजल्याने ती वाढते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळाच पाळाव्यात. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे, १०८ हा क्रमांक आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव एका कागदावर लिहून तो भिंतीवर लावावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

नैराश्याच्या औषधांविषयी दोन गैरसमज आहेत. त्यांची सवय लागते हा एक, आणि त्यांनी हातातली ताकद परत येते हा दुसरा. दुसऱ्याला आधार मिळाला तो फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या चाचणीचा, जी २०११ साली प्रसिद्ध झाली. मात्र त्याच औषधाच्या, ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१८ सालच्या चाचणीत दैनंदिन क्षमतेत फरक आढळला नाही, नैराश्य कमी झाले आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा नैराश्य असेल तर औषध अवश्य घ्यावे, केवळ हातासाठी घेऊ नये. गुण येण्यास काही आठवडे लागतात, बरे वाटल्यावरही ते साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवतात, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढत असल्याने सर्व गोळ्यांची यादी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावी. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. मरणाची भाषा होत असेल तर थेट विचारावे, एकटे सोडू नये, आणि गोळ्यांचा साठा व शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

कायमची अक्षमता राहिली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. त्यात वाचाघाताचाही समावेश आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमता लागते.

हे सगळे करणारी व्यक्ती बहुधा पत्नी किंवा सून असते, आणि तिच्या नैराश्याची तपासणी कोणीच करत नाही. आठवड्यातील एक दुपार तिच्या नावे कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्या वेळी घरी कोण बसणार हेही तेथेच लिहावे. पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्या भावंडांनी व्हिडिओ कॉलवरून सल्ले देण्याऐवजी मदतनिसाचा पगार उचलावा. पुढच्या तपासणीला जाताना वही सोबत न्यावी, आणि डॉक्टरांनी फक्त रक्तदाब पाहिला तर मनाविषयीचा प्रश्न आपणच काढावा. रुग्णासाठी, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठीही.